‘इतरांची साथ योग्य’

गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात गेलो की मला मामू आठवतात.

कुसुमाग्रजांचे, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ त्याआधी, १९६२ मध्ये. दोघेही नाशिककर, पण त्यांच्या नाटकांची चर्चा मुंबई-पुण्यातही झाली. तिथे माधव मनोहरांसारखे करडे समीक्षक होते. मराठी नाटकाचे परदेशी मूळ हुडकून काढण्यात त्यांचा हातखंडा. तरीही ही नाटके पुस्तकरूपाने उरली. टीकाकाराचे पटले नाही, तर आजही आपण मूळ नाटक उघडून बघू शकतो.

हौशी नाटकाचे तसे नाही. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. तेव्हापासून गावोगावची मंडळी कामधंदा सांभाळून रात्री तालमी करतात. एक प्रयोग होतो, सेट मोडला जातो. संहिता बहुधा छापली जात नाही. उरते ते स्थानिक वृत्तपत्रातले चार परिच्छेदांचे परीक्षण.

मामूंनी अशाच एका नाटकात हवालदार केला होता. ते कात्रण त्यांनी पत्र्याच्या पेटीत जन्मभर जपले. त्यात त्यांचे नाव नव्हते. शेवटी फक्त ‘इतरांची साथ योग्य’ एवढेच. मामू हसून म्हणायचे, “बेटा, त्या इतरांत मी आहे.”

आता मामू नाहीत, ती संहिताही नाही. त्या नाटकाचा इतिहास लिहायचा तर पुरावा एकच, ते कात्रण. आणि त्यात हवालदार नाही.