चूल विकत घेण्याचा इतिहास : मुरुडच्या बाजारातून

गेल्या महिन्यात आजीसाठी जुना तांब्याचा बंब शोधत मी मुरुडच्या बाजारात हिंडत होते. मोडीच्या भांड्यांच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीतून एक बंब बाहेर आला. दुकानदाराने तो आमच्यासमोर मांडण्याआधी थेट काट्यावर ठेवला. आजीने वजनाकडे पाहिलेही नाही. तिने झाकण काढले, मधल्या नळकांड्यात डोकावली, तळाशी हात फिरवला आणि बोटाला लागलेली काजळी पदराला पुसत म्हणाली, "याला दोन जागी डाख दिलाय, लेकरा. वजनात धरू नको."

सत्तरी ओलांडलेल्या आजीची ही पारख पाहून मी थक्क झाले. कारण हीच आजी पंचेचाळीस वर्षे ज्या चुलीपुढे बसली, त्या चुलीच्या बाबतीत तिचे मत कधी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. म्हणून आजच्या धाग्याचा प्रश्न असा : आपल्याकडे चूल विकत घेण्याची वस्तू केव्हा झाली, आणि तिची पारख कोणी करायची हे कसे ठरले? धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

प्रथम बंबाविषयी, कारण अनेक तरुण वाचकांनी तो उपाहारगृहाच्या दारात शोभेसाठी ठेवलेलाच पाहिला असेल. बंब म्हणजे स्नानाचे पाणी तापवणारी उभी, लाकडावर चालणारी भट्टी. मधोमध नळकांडे, त्यात जळण, खाली जाळी आणि राखेची जागा, नळकांड्याभोवती पाणी, बाजूला तोटी. आग पाण्याच्या पोटात असल्यामुळे उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा उष्णता फार कमी वाया जाते. नारळाच्या करवंट्या, कणसांची बुरकुंडे, तुराट्यांचे तुकडे, काहीही चालते. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यापासून आल्याचे मानले जाते. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो, ही भाषेची एक गंमत.

आता चुलीकडे येऊ. तिची परंपरा बंबाहून कितीतरी जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरे सापडली. त्या घरांत आणि अंगणांत चुली व अग्निकुंडे होती. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गृहिणीने आपली चूल कोणाकडून विकत घेतली नसावी. मराठवाड्यात परवापरवापर्यंत हेच चालत आले. शेतातली चिकण माती, गव्हाचा भुसा, थोडे शेण; दोन दिवस मळून चूल घालायची, शेजारी वैल काढायचा, मागे भाणवस, आणि रोज सकाळी पोतेरे फिरवायचे. तडा गेला की त्याच मातीने बुजवायचा. मुरुडहून फार लांब नसलेले तेर हे गोरा कुंभारांचे गाव. तेथील कुंभाराकडून माठ, रांजण, गाडगी येत असतील. चूल मात्र बहुधा घरच्याच हातची.

म्हणून भाषेत चूल हे वस्तूचे नाव न राहता घराचे नाव झाले. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण घ्या, चूलबंद आमंत्रण घ्या, किंवा भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' हा प्रयोग घ्या. इंग्लंडमध्येही १६६२ ते १६८९ या काळात घरातील चुलाणे मोजून कर घेतला जात असे. चूल मोजली की कुटुंबाची ऐपत कळते, हा तर्क तेथेही होता. फरक पुढे पडला. थंड प्रदेशात चूल घरही तापवत असल्याने तिच्यावर लोखंड, पैसा आणि कल्पकता खर्च झाली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या ओतीव लोखंडी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका छापली. तिचे पेटंट त्याने घेतले नाही, पण शेगडी विकली जात होती. तिला बनवणारा होता, गिऱ्हाईक होते आणि किंमत होती. जिला किंमत असते ती वस्तू जुनी होऊन पुन्हा विकली जाते, घासाघीस होते, दोष शोधले जातात. आपल्या मातीच्या चुलीला दुसरा मालक कधी मिळालाच नाही. घर सोडताना ती मागे राहून मातीत मिसळत असे.

तिला किंमत द्यावी लागली नाही, मात्र सरपणाची किंमत चुकत नव्हती. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. येथे लाकडाची चूल म्हणायची ती सवयीने. प्रत्यक्षात ती तुराट्यांची, पऱ्हाट्यांची, गोवऱ्यांची आणि बांधावरच्या बाभळीची चूल आहे. तुराटी भुरकन जळते, म्हणून बाईला चुलीपुढून हलता येत नाही. गोवरी धुमसते, म्हणून धूर होतो. एकाच स्वयंपाकात दोन्ही वापरले की चुलीपुढे बसायचेही आणि धूरही गिळायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

या धुराचा अभियांत्रिकी दृष्टीने विचार करणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी दोन आपल्या जवळचे आहेत. एक वर्ध्याचा. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ साली झाली आणि मगनवाडीतील त्याच्या कामातून धुराडे असलेली मातीची 'मगन चूल' पुढे आली. दुसरा हैदराबादचा, आणि तो आपल्याला अधिक लागू पडतो. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ नंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी अनेक भांडी एकाच आगीवर ठेवता येतील अशी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. धूर, काजळी, झळ, नासाडी आणि आगीचा धोका या पाचांपासून स्वयंपाकघराची मुक्तता, असे त्यांचे सूत्र होते. धरणे आणि पाटबंधारे यांच्या त्या दशकात एका अभियंत्याने स्वयंपाकघराकडे पाहावे, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव कोठेही नाही.

राजूंची चूलही मातीचीच होती. बाईने शिकून ती स्वतः घालावी, असाच त्यामागचा विचार होता. चूल सवलतीत मिळणारी वस्तू झाली ती नंतर. डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि १९८५ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला. किमतीचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा अनुदानाचा होता. २००२ साली केंद्राने तो बंद केला, तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला होता. म्हणजे जिल्हा आणि ही चूल जवळजवळ एकाच वयाची.

आमच्या घरीही ती आली. आजी सांगते की अर्ज आजोबांनी केला, पैसे त्यांनी भरले, अंगठा त्यांचा आणि नोंदही त्यांच्याच नावाने. बसवणारा माणूस दुपारी आला, तेव्हा आजी शेतात होती. संध्याकाळी घरी येऊन पाहते तो चूल जागेवर आणि पांढरा पाइप भिंतीला. तिचे तोंड अरुंद होते. तुराट्यांची मूठ जाईना, गोवरी मोडून घालावी लागे. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे उभी करून शेकायची, तर तोंडापाशी जागाच नाही. मागच्या भोकावरची डाळ शिजायला दुपार होई. सर्वांत मोठी अडचण छताची. आमचे घर माळवदाचे. माळवदाला भोक पाडणे म्हणजे पावसाळ्यात गळतीला निमंत्रण. म्हणून पाइप भिंतीतून आडवा काढला. त्याला वळण आले, वळणात काजळी साचली आणि दुसऱ्या वर्षी धूर पुन्हा घरात. आजीने एके दिवशी ती फोडली आणि जुन्या जागी मातीची चूल घातली. तो पाइप आज गोठ्यावर पन्हळ म्हणून आहे, आणि ते काम मात्र तो चोख करतो.

ही एका घराची तक्रार असती, तर मी तिचा इतिहास म्हणून उल्लेख केला नसता. पण ओडिशातील खेड्यांत संशोधकांनी काही वर्षे केलेल्या पाहणीत हेच चित्र दिसले : पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर दुरुस्ती आणि वापर दोन्ही घटले आणि फरक नाहीसा झाला. त्याच सुमारास चीननेही सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बारा कोटींहून अधिक चुली बसवल्या. तेथे खर्चाचा मोठा भाग घरांनीच उचलला होता. अनुदान वाईट, असा निष्कर्ष यातून काढणे मला घाईचे वाटते. ज्यांच्याकडे पैसाच नव्हता त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. माझा आक्षेप निराळा आहे. सवलत किमतीत मिळाली, पण ज्या बाईला चूल वापरायची होती तिला ती नाकारण्याचा, 'तोंड मोठे करून द्या' म्हणण्याचा हक्क मिळाला नाही. गिऱ्हाईक एक आणि वापरणारी दुसरी, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्रात यावर काही उत्तर शोधले गेले. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने लक्ष्मी, प्रियदर्शिनी अशा चुलींवर काम केले. गावातल्याच कुंभाराने किंवा गवंड्याने साच्यातून चूल काढावी आणि ती विकावी, ही त्यांची दिशा होती. चूल बिघडली तर ओरडायला माणूस गावातच राहतो, हा त्यातला मोठा फायदा.

गॅसची कथा मी येथे लांबवत नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर घरोघरी पोहोचला. मुरुडच्या आसपास चहा आणि भाजी गॅसवर होते, पण घरातील सात माणसांचे आंघोळीचे पाणी गॅसवर तापवायला कोणी धजावत नाही. ते अंगणात, तीन दगडांवर, धुरातच तापते. आजीचा खोकला त्या धुराचा आहे, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून बंब.

बंबाच्या बाबतीत इतिहास उलटा चालला आहे. तांबटाने घडवलेले हे भांडे पहिल्या दिवसापासून वजनावर विकले गेले : धातूचा भाव आणि वर मजुरी. जुने झाल्यावर मजुरी बुडते, धातू राहतो. मोडीत देताना घट धरली जाते, एवढेच. स्टेनलेस स्टील आले तेव्हा कितीतरी घरांनी हंडे, घंगाळी, बंब मोडीत देऊन चकचकीत डबे घेतले. आजीच्या सासूचा बंबही असाच गेला. तो दारातून बाहेर जाताना ती पाहत उभी होती, आणि त्याचे वजन तिला अजून पाठ आहे.

तिची पारख मी त्या दिवशी टिपून घेतली. जुना बंब घ्यायचा असेल तर कामी येईल. मधल्या नळकांड्यातून उजेडाकडे पाहावे. बारीक भोक असेल तर ताऱ्यासारखे चमकते. मूळ सांधे झाळलेले असतात, मागाहूनची डागडुजी डाखाची असते. डाख शिशाचा आणि कथलाचा. तो दोनशे अंशांच्याही आत वितळतो, तांबे मात्र हजार अंशांपर्यंत टिकते. बंबात पाणी असेतोवर त्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून डाख टिकतो. कोरड्या बंबात जाळ केला की पहिल्यांदा तोच सुटतो. ज्याला डाखाचे ठिगळ फार, तो बंब कोणीतरी कोरडा पेटवलेला असतो. खालची जाळी लोखंडी; ती झिजली तरी चिंता नाही, नवी बसते, पण तिचे वजन तांब्याच्या भावात धरू देऊ नये. तोटी फिरवून पाहावी. आणि बाहेरून घासून लखलखीत केलेल्या बंबापेक्षा काळा बंब बरा, कारण चकाकीखाली ठिगळ झाकले जाते.

दुकानदार हे सगळे ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, घरी न्या. रातभर पाणी भरून ठिवा. सकाळी खाली वल्लं दिसलं तर परत आणा, पैसे देतो." जाळी आणि दोन ठिगळे वजा करून साडेआठ किलोचा हिशेब झाला. आजीने मोडीच्या भावावर किती द्यायचे ते स्वतः ठरवले आणि पैसे स्वतःच्या पिशवीतून काढले.

रात्री बंब ओसरीवर काठोकाठ भरून ठेवला; खाली जुने वर्तमानपत्र पसरले. पहाटे उठून पाहिले तर आजी आधीच तेथे बसली होती. कागद कोरडा होता, फक्त तोटीखाली रुपयाएवढा ओला ठिपका. तिने तोटीला सुताचे दोन वेढे दिले आणि मला तुराट्या मोडायला सांगितल्या.