शेकडा पंचवीस

मराठेशाही सरंजामदारांनी बुडवली आणि सरंजामदारी बाळाजी विश्वनाथांनी आणली, असे सरळ समीकरण आपण शाळेपासून ऐकतो. चाळिशी उलटल्यावर मोडी शिकून वतनाचे कागद वाचू लागलो, तेव्हा त्याची पहिली पायरीच मला निसटलेली दिसली. पेशव्यांच्या पुष्कळ आधी, जिंजीच्या दिवसांतच गाठ सैल झाली होती.

शिवाजी महाराजांची रीत सभासदाने लिहून ठेवली आहे. देशमुखांच्या गढ्या, हुडे पाडले. त्यांचे हक्क रोख व धान्यात नेमून दिले. फौजेला पगार सरकारातून. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे, म्हणजे एकाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. गंमत अशी, की ही बखर लिहिली गेली जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेने; आणि त्याच जिंजीतून इनामांची नि वतनांची पत्रे निघत होती.

याला काही अभ्यासक दुबळेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, खजिना उरला नाही. औरंगजेब मनसबी आणि वतने देऊन मराठे आपल्याकडे ओढत होता. पगाराला पैसा नसलेल्या राजाने देण्यासारखे होते काय? हक्काचा कागद, तोही पुष्कळदा अजून जिंकायच्या मुलखाचा. त्या कागदावर माणसे लढली आणि १७०७ मध्ये बादशहा दक्षिणेतच मेला. पण पगार थांबवता येतो, वतन परत घेणे अवघड. या काळात महाराष्ट्राचा कारभार पाहणारे रामचंद्रपंत अमात्य पुढे आज्ञापत्रात वतनदारांच्या मोकाट वृत्तीविषयी कळकळीने बजावतात. खुद्द त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर वंशपरंपरेने चालली, हेही विसरू नये.

तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी वाटले ते आधीच वाटले गेलेले होते. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी पदरात पडली. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वतन ठरले. राजाही वतनदार झाला! चौथाईत शेकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा पंतसचिवांचा, ३ नाडगौडा राजाच्या मर्जीने द्यायचा, आणि उरलेला ६६ मोकासा सरदारांचा. हिशेब कोरडा वाटतो, पण त्यात एक खुबी होती. एकाच सरदाराची गावे सलग नसत; एकाची गावे दुसऱ्याच्या मुलखात विखुरलेली. त्यामुळे वसुलीचा तंटा झाला की साताऱ्याकडे पाहावे लागे. मोडलेले केंद्र पुन्हा उभे करण्याचा पैशाअभावी सुचलेला हा उपाय होता, आणि मला तो हुशारीचा वाटतो.

देशावर तो काही काळ चाललाही. गुजरातेत आणि माळव्यात मात्र सरदार स्वतःच्या तलवारीने मुलूख मिळवत होते; तिथे विखुरलेली गावे नव्हती, मोठाले सलग प्रांत होते. गुजरातेवरून पेशवे आणि सेनापती यांचेच बिनसले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला बाजीराव आणि त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले. त्रिंबकराव पडले. दोघेही एकाच छत्रपतींचे चाकर. शाहू महाराजांनी उमाबाईंची समजूत काढली आणि सेनापतिपद त्रिंबकरावांच्याच भावाला, यशवंतरावांना, दिले.