खर्जाची शंभर वर्षे

गणरायाच्या अनेक नावांपैकी एक नाव 'शूर्पकर्ण'. सुपाएवढे कान असलेला तो शूर्पकर्ण. हत्तीचे कान आणि खर्ज यांचे नाते विज्ञानाला मात्र फार उशिरा कळले. 1984 साली अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन या संशोधिकेला हत्तींच्या जवळ उभे असताना हवेत एक थरथर जाणवली. पुढे यंत्रांवर नोंदी घेतल्यावर सिद्ध झाले की माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या अतिखर्जात, म्हणजे सेकंदाला 20 पेक्षाही कमी कंपनांच्या आवाजात, हत्ती एकमेकांशी बोलतात. हा आवाज काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो. असा खर्ज काढायला हत्तीएवढा देह लागतो, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तर पुढचा सगळा इतिहास सोपा होईल.

हा विषय निवडण्याचे कारण असे, की आपल्या कॉलनीत नवे घर लागले की दिवाणखान्यात होम थिएटर येते आणि सहकारी मला हमखास विचारतात, "जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर घ्यावेत का? खर्ज दणदणीत पाहिजे!" त्यांना एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. मी त्यांना इतिहास सांगू लागतो, कारण उत्तर तिथेच आहे.

कर्ण्यापासून पेटीपर्यंत

सुरुवातीच्या ग्रामोफोनला वीज नव्हती. गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि आवाजाच्या जोरावरच सुई तबकडी कोरत असे. त्या पद्धतीत साधारण 250 हर्ट्झच्या खालचे फारसे काही तबकडीत उतरतच नसे. काळी एक, पांढरी एक हे शब्द आपल्याला पेटीमुळे परिचित आहेत. पांढरी एकचा षड्ज धरला तर पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण 130 हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 65 हर्ट्झची. म्हणजे जुन्या तबकड्यांत तानपुऱ्याचा पायाच गायब! तरीही तो आवाज आपल्याला ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा स्वर मनानेच भरून काढतो. लहान रेडिओवर डग्गा वाजल्यासारखा वाटतो तो याच कृपेने.

1925 हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी कागदी शंकू आणि तारेचे वेटोळे असलेल्या स्पीकरवर आपला निबंध प्रसिद्ध केला. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर याच घराण्याचा वंशज आहे. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात, त्यामुळे त्या कडेने वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि नाहीशा होतात. म्हणून शंकूच्या मागचा आवाज अडवायला फळी किंवा पेटी हवी. स्पीकरची लाकडी पेटी शोभेसाठी जन्मली नाही. ती खर्जासाठी जन्मली.

मागचा हा आवाज नुसता कोंडण्याऐवजी वापरता येईल का? बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी पेटीला हिशोबाने भोक ठेवून ते करून दाखवले. त्यांचे पेटंट 1932 चे. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जसा घुमारा येतो, तसा पेटीतल्या हवेचा घुमारा खालच्या स्वरांना मदत करतो. आजच्या टॉवर स्पीकरला पुढे किंवा मागे जे गोल भोक दिसते, ते हेच.

चित्रपटगृह आणि दिवाणखाना

इकडे 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा बोलू लागला. मोठी चित्रपटगृहे भरून टाकणारा आवाज हवा, म्हणून हॉलीवूडमध्ये एमजीएमच्या डग्लस शिअरर यांच्या विभागाने 1930 च्या दशकात खर्जासाठी वेगळा आणि वरच्या स्वरांसाठी वेगळा हॉर्न असलेली प्रचंड रचना केली. 1945 मध्ये आल्टेक लॅन्सिंग कंपनीची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका आली. ही कपाटाएवढी धुडे पडद्यामागे लपलेली असत. तिथे जागेचा प्रश्न नव्हता.

प्रश्न घरी होता. पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात त्यावर युक्ती काढली: स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे खोलीच्या दोन भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग होतात. तरीही पेटी मोठी ती मोठीच. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी उलटा विचार केला. पेटी पूर्ण बंद ठेवली, शंकू सैल बसवला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. जेमतेम दोन फुटी पेटीतून खोल खर्ज निघाला. चारच वर्षांनी, 1958 मध्ये, स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवायची वेळ आली, तेव्हा या लहान पेटीचे सोने झाले.

पण फुकट काही मिळत नसते. या लहान पेटीला अँप्लिफायर दणकट लागे. तिच्या उत्पादनात असलेले अँटन हॉफमन यांच्या नावाने पुढे एक 'लोहनियम' रूढ झाला: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच मिळतील. तिसरीवर पाणी सोडावे लागते. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्मॉल यांनी या देवघेवीचे गणितच मांडले. आजही कारखान्यात पेटी त्याच गणितावर बेतली जाते.

जमिनीवर उभा राहणारा टॉवर हे याच गणिताचे उत्तर. लहान स्पीकर स्टँडवर ठेवला तरी जमिनीवरची जागा अडतेच. मग तेवढ्याच जागेत पेटी खालपर्यंत का नेऊ नये? आतले घनफळ दुपटी-तिपटीने वाढते आणि दोन वूफर मावतात. वूफर दोन का लागतात? कारण आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा तर चौपट हवा हलवावी लागते. 80 हर्ट्झवरून 40 वर जायला चौपट, 20 वर जायला सोळापट. हत्तीचा देह आठवा!

भूकंप घरात येतो

1974 च्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने 'सेन्सराउंड' आणले. जमीन हादरल्याचा भास देणारे अजस्र स्पीकर चित्रपटगृहात बसवले गेले. लॉस एंजेलिसच्या चायनीज थिएटरमध्ये छताचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती. पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'शोले' 70 मिमी आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला. तो चित्रपटगृहात ऐकलेली पिढी आपल्या मंडळात आहे. 1977 च्या 'स्टार वॉर्स'च्या 70 मिमी प्रतींत पडद्यामागचे जादा मार्ग खास खर्जासाठी वापरले गेले. 1992 मध्ये डॉल्बी डिजिटल आले आणि '5.1' हा आकडा रूढ झाला. त्यातला '.1' म्हणजे 120 हर्ट्झपर्यंतच्या धडाम-धुडुमसाठी राखलेला वेगळा मार्ग. डीव्हीडीबरोबर तो आपल्या दिवाणखान्यात पोहोचला.

इथे इतिहासाला फाटा फुटतो. संगीतासाठी लागणारा खर्ज आणि चित्रपटातला भूकंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तानपुरा, डग्गा, बहुतेक ऑर्केस्ट्रा हे सगळे 40 हर्ट्झच्या वर सुखाने राहतात. चांगला टॉवर ते एकटा पेलतो. त्याच्या खालचे काम सबवूफरचे. म्हणूनच होम थिएटरमध्ये साधारण 80 हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे सोपवण्याचा प्रघात पडला.

मग घ्यायचे काय?

पहिले, वॉटच्या आकड्याला भुलू नये. 1990 च्या दशकात आपल्या बाजारात 'पीएमपीओ' नावाचे हजारोंचे आकडे खोक्यांवर छापलेले असत. त्यांना काही अर्थ नव्हता. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट वीज लागते. म्हणजे 90 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 50 वॉटवर जे करतो, त्यासाठी 87 वाल्याला 100 वॉट लागतात.

दुसरे, '35 हर्ट्झपर्यंत' असे लिहिले असेल तर किती डेसिबलच्या घसरणीवर, ते विचारावे. उणे 3 आणि उणे 10 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरे, खोली मोजावी. 4 मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो. एका खुर्चीवर तो छाती हादरवतो, तर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज वाढतो, पण गढूळ होतो. मागे भोक असलेल्या टॉवरला भिंतीपासून निदान फूट-दीड फूट मोकळीक हवी. क्वार्टरच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मिळत नसेल तर टॉवरचा हट्ट सोडून लहान स्पीकर आणि एक बरा सबवूफर घ्यावा. हॉल मोठा असेल आणि घरात गाणे अधिक ऐकले जात असेल, तर टॉवर. दोन्ही शौक असतील तर आधी टॉवर, पुढच्या बोनसला सबवूफर!

चौथे, दुकानात स्फोटांचे दृश्य ऐकून निर्णय करू नये. आपल्या माहितीची तबल्याची सीडी न्यावी. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला 'घे' वर-खाली वळताना स्वच्छ कळला पाहिजे. प्रत्येक 'घे' एकाच सुरात 'धब्ब' वाजत असेल तर तो पेटीचा आवाज, डग्ग्याचा नव्हे.

आणि शेवटचे, आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. स्वर जितका खालचा, तितकी भिंत त्याला कमी अडवते. पलीकडच्या फ्लॅटमध्ये संवाद ऐकू येत नाहीत, फक्त दणके जातात. परप्रांतात आपण शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतो. मुलांच्या परीक्षा, आजारपण, गावी गेल्यावर घराची किल्ली, सगळे त्यांच्याकडे. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ही 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि मांडवातल्या स्पीकरबाबत आपण ती कटाक्षाने पाळतो. घरातल्या सबवूफरलाही तोच न्याय लावावा. त्याची वेगळी कळ असते; रात्री दहानंतर ती खाली आणली तर चित्रपटाचे फारसे काही बिघडत नाही.

खर्ज हा गाण्याचा पाया आहे. पाया जमिनीत असावा, शेजाऱ्याच्या छातीत नसावा.

गणपती बाप्पा मोरया!