विमाननिर्मिती, मराठी मुलखातील

आराखडा आखणे, सांगाडा व पंख उभारणे, इंजिन बसवणे, चाचणी-उड्डाणे घेणे आणि शेवटी उड्डाणयोग्यतेचा परवाना मिळवणे एवढा सगळा व्याप विमाननिर्मितीत येतो. यातला सांगाडा मराठी माणसांनी अनेकदा उभा केला. अडले ते बहुधा इंजिनापाशी आणि परवान्यापाशी.

या विषयाची सुरुवात शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांच्यापासून करण्याची प्रथा आहे. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे यान उडवल्याचे सांगतात. त्यावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. मात्र या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली याने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपद्यांच्या जिज्ञासेबद्दल आदर ठेवावा, पण खरा इतिहास पुढेच सुरू होतो.

तो सुरू होतो सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्यापासून. मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीसाठी ते १९३९ मध्ये अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवत असे. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. ब्रिटिश सरकार हिंदी माणसाला विमानांचा कारखाना काढू देण्यास नाखूश होते, पण गरज दारात येऊन उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल देऊ केल्याने कारखाना बंगळूरला गेला आणि डिसेंबर १९४० मध्ये ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. मुंबई इलाख्यातल्या भांडवलदाराने काढलेला देशातला पहिला विमान-कारखाना मुंबई इलाख्याबाहेर उभा राहिला, याचे कारण एवढेच.

१९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण-विमान उडाले आणि १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. दोन्ही आराखडे अमेरिकी होते. जपान ब्रह्मदेशात पोचल्यावर सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी कारखान्याचा कारभार अमेरिकी हवाईदलाकडे जाऊन तेथे दुरुस्तीची कामे चालू लागली. ज्याच्या हट्टामुळे कारखाना झाला तो माणूस दीड-दोन वर्षांत बाहेर पडला. वालचंदांच्या चरित्रातला हा सर्वांत कडू भाग मानायला हवा.

त्याच कारखान्यात मराठी मुलखातला दुसरा माणूस मात्र टिकला : डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१). कोल्हापूर भागात जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीत ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिकीच्या आद्य आचार्याच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. युद्धकाळात त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे दोन आसनी प्रशिक्षण-विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात आराखडा होऊन कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागलेले हे पहिले इंजिनवाले विमान. हवाईदलाचे आणि नागरी वैमानिक कित्येक वर्षे यावर शिकले. इंजिन मात्र ब्रिटिश बनावटीचे होते. ‘किरण’ या जेट प्रशिक्षण-विमानाच्या (पहिले उड्डाण १९६४) आराखड्याचे नेतृत्वही घाटग्यांचेच, आणि त्याचेही इंजिन विलायती परंपरेचेच. मराठी वाचकाला तळपदे ठाऊक असतात, घाटगे नसतात. हे उलट असायला हवे होते.

महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्ण विमाने बनू लागली ती नाशिकजवळ ओझरला. सोव्हिएत मिग-२१ च्या परवाना-उत्पादनासाठी साठच्या दशकात हा कारखाना निघाला. इंजिनांचे काम ओडिशातल्या कोरापुटकडे देण्यात आले. १९६४ मध्ये बंगळूरच्या कंपनीशी एकत्रीकरण होऊन ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाली. ओझरहून पुढे मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० बाहेर पडू लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेले पहिले ‘तेजस मार्क १ए’ हे लढाऊ विमान उडाले. या तेजसचे वेळापत्रक ज्या कारणांनी लांबले, त्यांत अमेरिकेहून उशिरा येणारी इंजिने हे ठळक कारण आहे.

कारखान्यांबाहेरच्या स्वतंत्र विमानकर्त्यांची परंपरा इतरत्र मोठी आहे. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३० च्या दशकात सामान्य माणसाने घरी बांधावे असे छोटे विमान काढून धूम उडवली. अमेरिकेत १९५३ मध्ये हौशी विमानकर्त्यांची संघटना स्थापन झाली आणि तिचा ऑशकॉश येथील वार्षिक मेळा आज हजारो विमाने खेचतो. अर्ध्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः केले की त्याला ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो, हा तिथला साधा नियम. इंजिन बहुतेक जण तयार विकतच घेतात. त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

भारतात या वाटेचा सर्वांत गाजलेला प्रवासी कॅप्टन अमोल यादव. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी ते सुटे करून खाली उतरवले गेले आणि रातोरात प्रसिद्ध झाले. नोंदणीला नोव्हेंबर २०१७ उजाडले, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. दरम्यान राज्य सरकारने पालघर जिल्ह्यात कारखान्यासाठी ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला (२०१८). एका प्रायोगिक विमानाच्या जोरावर एवढा आकडा मांडणे हे उत्साहाचे होते, हिशेबाचे नव्हे. यादवांचे खरे श्रेय या आकड्यात नाही. एकटा माणूस अर्ज करत राहिला तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्याच्या विमानासाठी चौकट शोधावी लागते, हे त्यांनी दाखवले.

विदर्भात हा उद्योग आला तो सुट्या भागांच्या रूपाने. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ च्या तळाच्या तुळया बनवल्या. फ्रान्सची दसॉ आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीत फाल्कन २००० या जेटचे भाग तयार होतात. जून २०२५ मध्ये दसॉने हे विमान नागपुरातच पूर्ण जोडण्याचे जाहीर केले असून पहिले विमान २०२८ पर्यंत अपेक्षित आहे. त्याची इंजिने कॅनडाची असतात.

विदर्भातल्याच चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र विमान-कारखाना नाही. चंद्रपूरजवळ मोरवा येथे लहान धावपट्टी आहे. राजुरा तालुक्यातल्या मूर्ती येथील प्रस्तावित विमानतळाची वाट वनजमिनीच्या व वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नात अडकली. गडचिरोलीत हवाई वाहन म्हणजे हेलिकॉप्टर : नक्षलविरोधी कारवायांत जखमी झालेल्या जवानांना नागपूरला नेणारे आणि निवडणुकीच्या वेळी दुर्गम केंद्रांवर मतदान पथके उतरवणारे.