आखाजी, तूप आणि वॅगन

इतिहास हा आमच्या धुळ्याचा स्थानिक आजार आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीला आमच्या गावी राहिले, १९२६ साली इथेच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे निघालं. तेव्हापासून जुना कागद दाखवल्याशिवाय धुळेकराची कशावरही खात्री पटत नाही. इतर गावची माणसं भांडण झालं की आवाज चढवतात, आम्ही दप्तर उघडतो. त्यामुळे यंदा आखाजीच्या दिवशी आमच्या घरात तुपावरून तंटा झाला, तेव्हा तो मिटवण्याचं काम माझ्याकडे आलं यात नवल नाही. मला तो मिटवता आला नाही, ही गोष्ट वेगळी. इतिहासाने भांडण मिटल्याचं उदाहरण इतिहासातही फारसं नाही.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. खान्देशात या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि आकाशातला सूर्य जे काम अर्धवट ठेवतो ते अंगणातली चूल पुरं करते. चुलीवर उपडं खापर, खापरावर हाताएवढी लांब पुरणपोळी, शेजारी आमरस आणि पोळीवर तुपाची धार. ही धार मधेच तुटली तर जावईसुद्धा तुटतात, असा आमच्याकडे समज आहे.

माझी बहीण जळगावला दिलेली. ती आली, बरोबर तिची मुलगी चिमी आली. चिमी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई, म्हणजे माय, चुलीपुढे पाटावर बसली होती. पहिली पोळी तिने नातीच्या ताटात घातली आणि तुपाची पळी उचलली. चिमीने ताटावर हात आडवा धरला.

"मोठी माय, तूप नको. मी व्हीगन झाले."

"काय झाली?"

"व्हीगन."

माय माझ्याकडे वळली. "वॅगन? भुसावळनी?"

यात तिची चूक नव्हती. तिचा सख्खा भाऊ भुसावळला रेल्वेत होता. जळगावची केळी वॅगनी भरभरून दिल्लीकडे जाताना तिने उभा जन्म पाहिलेली. नातीची वॅगन झाली म्हणजे बदली झाली असेल, एवढंच तिला वाटलं. चिमीने मग नीट सांगितलं. मांसमच्छी तर आपल्या घरात नव्हतीच. आता दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जनावराकडून काहीच घ्यायचं नाही.

मायची पळी हवेतच राहिली. "तुले काय व्हयनं वं माय?" तिने इतक्या काळजीने विचारलं की मला वाटलं आता ती दृष्ट काढणार. "दूध नही, तूप नही, मंग खाशी काय?"

बहीण रडायच्या बेतात आली. "तूच समजाव रे हिला. तू एवढं वाचतोस." मी दप्तर उघडलं.

प्रथम शब्द. हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या, सुतारकाम शिकवणाऱ्या गृहस्थाने चारपाच मंडळी जमवून वेगळी सोसायटी काढली आणि 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून 'व्हीगन' हा शब्द तयार केला. म्हणजे शब्दाचं डोकं ठेवलं, शेपूट ठेवलं आणि मधलं पोट काढून टाकलं. सुतारच तो, मोजून कापलं असणार. पोटाशिवाय माणूस जगतो का, हा मायचा प्रश्न त्या शब्दापासूनच लागू होता.

मग मी खान्देशाकडे वळलो, कारण इथे आपली बाजू बळकट असेल असा माझा अंदाज होता. आमची बोली अहिराणी. अहिराणी म्हणजे अहिरांची, आणि अहिर म्हणजे आभीर, गाईगुरं राखणारे. त्यांच्या ईश्वरसेन नावाच्या राजाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख नाशिकच्या लेण्यात आहे. "म्हणजे बघ चिमे," मी म्हणालो, "आपली भाषाच गवळ्यांची. तू दूध सोडलंस तर बोलणार कशात?"

"मराठीत," ती म्हणाली. "पण मामा, ते आभीर खात काय होते? मिरची?"

इथे माझी गाडी घसरली. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिकेची पिकं, पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आली. ईश्वरसेन राजाने ठेचा खाल्लेला नाही. बिचाऱ्याला शेंगदाण्याचं तेलही माहीत नव्हतं. आणि खान्देशातून मिरची आणि शेंगदाणा काढून घेतला तर उरतं काय? उन्हाळा.

चिमीने मग एकेक पदार्थ बोटावर मोजायला सुरुवात केली. वांग्याचं भरीत घ्या. वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. दूध कुठे आहे? कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद. शेवभाजीत डाळीच्या पिठाची शेव आणि काळा मसाला, वर बोटभर तेलाचा तवंग. ठेचा, बिबड्या, कुरडया, केळीचे वेफर. सगळं व्हीगन! १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. इतक्या वाटण्या झाल्या, तरी भरीत कुणाचं चांगलं हा वाद तेवढा अविभक्त राहिला. आणि त्या भरतात दुधाचा थेंब नाही, हे मला चौसष्टाव्या वर्षी भाचीने सांगावं!

"म्हणजे मी काही सोडलंच नाही, मामा. फक्त तूप सोडलं."

'फक्त तूप' हे शब्द ऐकून मायने पळी खाली ठेवली. तिने पळी ठेवली की आमच्या घरात सगळेच हातातलं खाली ठेवतात.

मी शेवटचा कागद काढला. गांधीजी. जळगावला २०१२ साली गांधीतीर्थ झालं, ते बहिणीने आम्हाला दोनदा दाखवलंय. फैजपूरचं १९३६ सालचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी सजवलेला बांबूंचा मंडप, सगळं ते रंगवून सांगत. त्यांच्या मते निम्मे लोक स्वराज्यासाठी गेले होते आणि निम्मे गांधीजींची बकरी बघायला. आजोबा स्वतः कुठल्या निम्म्यात होते, ते त्यांनी कधी उघड केलं नाही.

पण ती बकरी आली कुठून, याची कथा मला पाठ होती. गांधीजींनी दूध सोडलं ते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, कॅलनबाख नावाच्या मित्राबरोबर. कारणं दोन. एक संयमाचं. दुसरं म्हणजे कलकत्त्याहून आलेलं काही साहित्य त्यांनी वाचलं होतं. जास्त दूध निघावं म्हणून गाईम्हशींचे कसे हाल करतात, ते त्यात होतं. वॉटसनच्या शब्दाच्या बत्तीस वर्षं आधी हा माणूस तिथे पोचला होता. पाचसहा वर्षं फळं आणि शेंगदाण्यावर निभावलं. मग १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना पोट बिघडलं. तेव्हा मुख्य आहार शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. खान्देशी माणसाने याची नोंद घ्यावी, शेंगदाणासुद्धा बेतानेच खायचा असतो. पोट जरा बरं वाटत होतं, तेवढ्यात सणाचा दिवस आला आणि कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी केली. जेवायचं नाही असं ठरवलेले गांधीजी मोहाला बळी पडले, आणि तासाभरात हगवणीने आडवे झाले. मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. पुढे माथेरानची हवाही मानवली नाही. मुंबईत डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घ्याल तर शरीर उभं करून देतो. गांधीजी म्हणाले, माझं व्रत आहे. तेव्हा शेजारी उभ्या कस्तुरबा बोलल्या, व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना? मग बकरीच्या दुधाला काय हरकत?

हिंदुस्थानातल्या कुठल्याही वकिलाला सुचली नसती अशी पळवाट. बॅरिस्टरसाहेब हरले. १९१९ च्या आरंभी त्यांनी बकरीचं दूध घेतलं आणि जन्मभर त्याची टोचणी बाळगली. शब्द पाळला पण व्रताचा आत्मा गेला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढेही ती हार त्यांनी लपवली नाही.

"ऐकलंस?" मी विजयी मुद्रेने म्हणालो. "महात्म्याला जमलं नाही!"

"त्यांना बी-बारा माहीत नव्हतं, मामा." ते जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं १९४८ साली, गांधीजी गेले त्याच वर्षी. दूध पूर्ण सोडणाऱ्याला ते बाहेरून घ्यावं लागतं. चिमीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. तुपाच्या भरल्या बरणीसमोर ती पट्टी इतकी केविलवाणी दिसत होती की बहीण खरोखरच रडली.

आता इतका वेळ गप्प बसलेली माय बोलली. आमच्याकडे आली की चिमीशीही ती अहिराणीच बोलते, पण गंभीर झाली की शाळेतल्या मराठीवर येते.

"बहात्तर साली," ती म्हणाली, "आपण सगळेच ते होतो. काय ते, वॅगन."

१९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, तिची भाकरी, मिरची आणि मीठ. घरात एक म्हैस होती. तिचं सगळं दूध सकाळीच विकायला जायचं, कारण त्यातून माझी फी आणि तिचा चारा निघायचा. आम्ही भावंडं कोरा चहा प्यायचो. चहात दूध घालतात हे मला शाळामास्तरांच्या घरी कळलं. तूप म्हणजे देवापुढच्या निरांजनाला, तेही दिवाळीला. आम्ही दुधाचं सगळं सोडलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. ज्याच्या ताटात असतं त्याने सोडलं की व्रत होतं. ज्याच्या ताटात नसतंच त्याच्या जेवणाला कोण नाव ठेवणार?

म्हणूनच मायच्या बरणीचा अर्थ मला ठाऊक होता. पुढे दिवस पालटले तेव्हा तिने साय साठवून पहिलं तूप कढवलं, आणि शेजारपाजारी वास जावा म्हणून दार उघडं ठेवलं. त्या दिवसापासून पोळीवरची धार म्हणजे वाईट दिवस संपल्याची तिची पावती होती. चिमीने हात आडवा धरला तो त्या पावतीवर. मला वाटलं, आता माय हेच बोलणार.

पण ती वेगळंच बोलली.

"त्या म्हशीचं पारडू मेलं होतं. ती पान्हा सोडेना. तुझ्या बापाने पारडाच्या कातड्यात पेंढा भरून आणला आणि तिच्यापुढे उभं केलं. ती त्याला चाटायची, मी धार काढायची. रोज. म्हशीच्या डोळ्यांकडे मी कधी बघितलं नाही. बघितलं असतं तर धार निघाली नसती, अन् तुझी फी भरली गेली नसती." मग चिमीकडे वळून म्हणाली, "पोरगी खोटं नही बोली राहिनी."

माझ्या दप्तरात यावर कागद नव्हता. दहा वर्षांचा मी त्याच गोठ्यात उभा होतो. ते पारडू मीही पाहिलेलं. पण राजवाड्यांच्या गावचा असूनही ही नोंद मी कुठे केली नव्हती.

माय गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली आणि शेंगदाण्याच्या तेलाची किटली घेऊन आली. तीच पळी पुसली, तेल चुलीवर कोमट केलं, आणि चिमीच्या पोळीवर तेवढीच लांब, न तुटणारी धार धरली. चिमीने हात आडवा धरला नाही. "खाय माय," एवढंच आजी म्हणाली.

मला एकदम आठवलं. १९१८ सालच्या त्या सणाला कस्तुरबांनी लापशी केली होती ती तुपात नव्हे, मुद्दाम तेलात. नवऱ्याचं व्रत मोडू नये आणि सणही सुना जाऊ नये म्हणून. बकरीची पळवाट सगळ्यांच्या लक्षात राहिली, तेलाची लापशी मात्र कुणी सांगत नाही. हा महत्त्वाचा ऐतिहासिक दुवा मी उभा राहून सांगायला लागलो, पण लापशीनंतर काय झालं हे आधीच सांगून बसल्याने बहिणीने डोळे वटारले, आणि माय म्हणाली, "पोळी थंडी व्हई राहिनी."

मी बसलो. चिमी पोळी खात होती. आजी ती कशी खाते हे बघत होती. तेलातली पुरणपोळी कशी लागते ते मी विचारलं नाही. त्या दोघींच्या चेहऱ्यावरून बरी लागत असावी.

मग माय बरणी घेऊन माझ्याकडे आली. चिमीच्या वाटचं तूप आता माझ्याच ताटात पडणार, हे मी सकाळीच हेरलं होतं. कोलेस्टेरॉलवाल्या डॉक्टरांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. पळी वाकली. आणि का कोण जाणे, माझ्याच ताटावर माझा हात आडवा झाला.

"काय रे, तू बी वॅगन?"

"नाही माय," मी म्हणालो. "अर्धीच पळी घाल."

चौसष्ट वर्षांत इतिहासाचा माझ्यावर झालेला एवढाच परिणाम. मायने अर्धी पळी घातली, क्षणभर थांबली, आणि उरलेली अर्धीही घातली.