शास्त्र्यांची उत्तरे, सरकारच्या फाइली

सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरांत जुने महजर आहेत. महजर म्हणजे वतनाच्या किंवा पाटीलकीच्या तंट्याचा भरसभेत झालेला निवाडा. त्यात वादी-प्रतिवादींची नावे येतात, गोत म्हणून बसलेल्यांची नावे येतात आणि कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्याही येतात. कोण हजर होते आणि कोणी काय सांगितले, हेच त्या कागदाचे बळ. 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर सरकारने कायदा विचारून घेण्याची जी रीत पाडली, तिचा छापील कागद याच्या अगदी उलट आहे. त्यात माणसांची नावे नाहीत. प्रश्न, उत्तर आणि आधार एवढेच आहे. सरकारला मिळणारा कायदेशीर सल्ला कसा असावा याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला नमुना मला या बिननावाच्या कागदात दिसतो. तो छापून निघाला तेव्हा तो घडवणाऱ्यांना सरकारने नुकतेच घरी बसवले होते, हा भाग वेगळा.

एल्फिन्स्टनची अडचण साधी होती. मुलूख हाती आला, पण इथे वारसा कोणाला जातो, दत्तक कोणाला घेता येतो, हे साहेबाला कुठून ठाऊक असणार? 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आर्थर स्टीलने शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या प्रमुखांना विचारून दख्खनच्या कायद्यांचा आणि चालींचा संग्रह केला. तो 1827 मध्ये छापला गेला. त्याच साली मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन आले आणि त्यात देशरिवाजाला मानाची जागा मिळाली. अदालतींत पगारी शास्त्री होतेच. न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवायचा, शास्त्र्याने मिताक्षरा नाहीतर नीलकंठाचा व्यवहारमयूख काढून लेखी व्यवस्था द्यायची, आणि ती मानायची की नाही हे न्यायाधीशाने ठरवायचे. सल्ला एकाचा, निर्णय दुसऱ्याचा, अशी ती वाटणी.

पुण्यात या विषयावर बोलणे निघाले की रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघतेच. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांना त्यांनी देहान्ताचे प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही हकीकत ग्रांट डफने लिहून ठेवली आहे. त्या बाणेदारपणाबद्दल दुमत नाही. पण राज्यकारभाराचा विचार करताना हा दाखला फारसा कामाचा नाही असे मला वाटते. रोज शंभर ठिकाणी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी शंभर रामशास्त्री कुठून आणायचे? साधारण कुवतीच्या, पगारावर घर चालवणाऱ्या माणसाकडूनही नीट सल्ला निघेल अशी रीत लागते, आणि ती अदालतींतल्या अनाम शास्त्र्यांनी दाखवली.

1864 च्या अकराव्या कायद्याने शास्त्र्यांची ही पदे रद्द झाली. तीनच वर्षांनी, 1867 मध्ये, रेमंड वेस्ट आणि गेऑर्ग ब्यूलर यांच्या हिंदू कायद्याच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. मुंबई इलाख्यातल्या अदालतींत शास्त्र्यांनी दिलेल्या उत्तरांवरून तो रचल्याचे मुखपृष्ठावरच छापले आहे. कुठलेही पान उघडावे: एक माणूस वारला, मागे अमुक अमुक नातलग आहेत, वारस कोण? खाली शास्त्र्याचे उत्तर, मग गावाचे नाव व तारीख, मग आधारवचने, आणि गरज पडली तर संपादकांची टीप. उत्तर चुकले असेल किंवा वचन लागू पडत नसेल, तर टिपेत तसे स्पष्ट म्हटले आहे.

शास्त्री लाच खात, एकाच प्रश्नाला दोन तोंडांनी उत्तरे देत, असा आक्षेप त्या काळापासून आहे. विल्यम जोन्सचा तर बंगालच्या पंडितांवर त्याही आधी विश्वास नव्हता. आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. पण उत्तरे ओळीने छापली की विसंगती झाकून राहत नाही, आणि सल्लागाराच्या चारित्र्याची हमी मागण्यापेक्षा हा उपाय अधिक भरवशाचा. शिवाय अशा सल्ल्यात मुलखाचे वेगळेपण टिकते. बहिणीचा वारसाहक्क घ्या. मुंबई इलाख्यात तो मयूखाच्या बळावर मान्य झाला आणि 1864 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तो उचलून धरला. मिताक्षरा चालणाऱ्या इतर प्रांतांत त्यासाठी 1929 चा कायदा यावा लागला.

आज सरकारी खाते निविदेच्या अटीबद्दल विधी व न्याय विभागाचे मत मागते, जिल्ह्याचा सरकारी वकील अभिप्राय देतो, आणि हे सगळे फाइलीत जाऊन बसते. पुढच्या वर्षी शेजारचे खाते तोच प्रश्न नव्याने विचारते. मत उघड केले तर चालू दावा बिघडेल, ठेकेदार त्यातून पळवाट काढेल, असे यावर सांगितले जाते. दावा चालू असेतो हे पटण्यासारखे आहे. पण वेस्ट-ब्यूलरमधल्या तारखा पाहिल्या तर अनेक उत्तरे छपाईच्या वेळी वीस-वीस वर्षे जुनी होती. तेवढा काळ गेल्यावर ठेकेदाराच्या हाती जे लागेल ते नव्या अधिकाऱ्याच्याही हाती लागेल, आणि गरज अधिकाऱ्यालाच जास्त आहे. दुसरी हरकत खासगीपणाची. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमच नव्याने लिहिले, आणि त्या कलमातच असलेली सार्वजनिक हिताची अट गळाली. आता नाव दिसले की सगळा कागद नाकारायला कारण तयार. त्या जुन्या ग्रंथात मेलेल्याचे नाव नाही, विधवेचे नाही, भाऊबंदांचेही नाही, आणि तरीही कुणाचा हक्क का लागला हे शेवटच्या वचनापर्यंत वाचता येते.