तबकडीचें माप

संगीताच्या इतिहासांत आपण घराण्यांचीं नांवें घेतों, उस्तादांचीं घेतों, फार तर आश्रय देणाऱ्या संस्थानिकांचीं घेतों. यंत्रें विकणाऱ्या कंपन्यांना त्या पंक्तीस बसविण्याची मात्र आपल्याला लाज वाटते. आम्हांला असें वाटूं लागलें आहे कीं, गेल्या सव्वाशें वर्षांत गाण्याची लांबी, गाण्याचा मोबदला आणि गाण्याची स्मृति हीं तिन्ही गवयापेक्षां कंपनीनेंच अधिक ठरविलीं.

१९०२ त लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तज्ज्ञ कलकत्त्यास आला व त्यानें विख्यात गायिका गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. विजेचें साधन तेव्हां नव्हतें. कर्ण्याशीं तोंड नेऊन खड्या आवाजांत गावें व तीन मिनिटांच्या सुमारास आटोपावें, असा शिरस्ता होता. मूळ मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिरांना हें गाणें कोणाचें तें कळावें म्हणून ती शेवटीं इंग्रजींत आपलें नांव सांगे. पुढच्या पिढीला हा तिचा तोरा वाटला असल्यास नवल नाहीं. वस्तुतः ती कारखान्याची सोय होती. गंमत अशी कीं, तबकडीला लागणारी लाख बहुतांशीं हिंदुस्थानचीच. लाख येथून परदेशीं जाई व गाणें होऊन परत येई. १९०८ त कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां कोठें हा फेरा चुकला.

ज्या ख्यालाची नुसती बढत अर्धा-पाऊण तास चालावयाची, तो तीन मिनिटांत बसवावा कसा? गवयांनीं तोड काढली. आलाप आटविला, लय चढविली, चीज झटपट मांडून तानांना हात घातला. अब्दुल करीम खांसाहेबांसारख्यांना तेवढ्यांतहि रंग भरतां आला. उलट भास्करबुवा बखले १९२२ त वारले, अल्लादियाखांसाहेब १९४६ त. दोघांचीहि तबकडी नाहीं. त्यांचें गाणें आपण शिष्यांच्या गळ्यांतून व जुन्या मंडळींच्या आठवणींतून अनुमानानें जाणतों.

तबकडीनें नुसतें नुकसानच केलें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. गाणारणीच्या बैठकीस जाणें ज्यांना कमीपणाचें वाटे, त्यांच्याच ओटीवर तिचा आवाज फोनोंतून येऊं लागला, आणि घरांतील बायकांनाहि तो उघडपणें ऐकतां आला. हें काम कोणत्याहि सुधारकाला इतक्या सहजतेनें जमलें नसतें. अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या, गोव्यांतील केरीच्या केसरबाई केरकर, यांनीं तबकड्या दिल्या. १९७७ त अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सोडलीं. त्यांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडींत केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. गुरूचा आवाज पृथ्वीवरहि उरला नाहीं. शिष्येचा ताऱ्यांमधील पोकळींत गेला आहे, पण गेला तो कंपनीच्या मापानें कापूनच.

१९२५ नंतर विजेच्या मुद्रणानें आवाज मोकळा झाला, माप तेंच राहिलें. १९४८ त अमेरिकेंत निघालेली दीर्घ तबकडी आपल्याकडे रुळली, तेव्हां एका बाजूस वीसेक मिनिटें मिळून ख्यालाला जरा पाय पसरतां आले. १९८० नंतरच्या स्वस्त कॅसेटनें भजनें व लोकगीतें बाजारांत आणलीं आणि एका जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडली. त्यापुढें आल्या त्या गाणें विकत न देतां नुसतें ऐकूं देणाऱ्या कंपन्या. स्टॉकहोमच्या स्पॉटिफायनें २००८ त सेवा सुरू केली. २०१९ त ती हिंदुस्थानांत आली.

आतां लांबीचें बंधन गेलें, असें म्हणतात. तास दोन तासांची मैफल अखंड ठेवतां येते, हें खरेंच. परंतु वांटणीची रीत पाहावी. वर्गणी व जाहिराती यांच्या उत्पन्नाचा एक वाटा बाजूस काढून, कोणतें मुद्रण किती वेळां ऐकलें गेलें त्या प्रमाणांत तो वांटतात. श्रोता तीस सेकंद थांबला कीं एक वेळ धरली जाते. म्हणूनच आजकालच्या गीतांत वाद्यांची प्रस्तावना आखूड होऊन मुखडा आरंभींच येतो, अशी पुष्कळांची तक्रार आहे. आमच्या गाण्याची गति याहून निराळी. विलंबित एकतालांत पहिलें आवर्तन पुरें होण्यापूर्वींच कंपनीची नोंद झालेली असते. पुढची चाळीस मिनिटें गवई जें गातो, त्याला हिशेबांत जागाच नाहीं. दीड मिनिटाचें गीतहि एक, पाऊण तासाचा यमनहि एक.

२०२४ पासून याच कंपनीनें आणखी एक नियम केला. मागील बारा महिन्यांत १,००० वेळां ऐकल्या न गेलेल्या मुद्रणास मोबदला नाहीं. एखाद्या शिष्यानें दिवंगत गुरूच्या खासगी बैठकीचें जपून ठेवलेलें मुद्रण तेथें ठेवलें आणि वर्षभरांत तें ८०० वेळां ऐकलें गेलें, तर त्याच्या नांवें एक पैहि जमा होत नाहीं.